गाठ बघा, मग तारेला नावं ठेवा

"तारेचं स्टिअरिंग खेळण्यात शोभतं, वाहनात नाही. ही जुगाड वृत्ती मुलांच्या डोक्यातून काढली पाहिजे." डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातल्या चार मुलींनी बनवलेल्या गाडीसमोर उभं राहून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे सांगितलं आणि प्रकल्पाच्या वहीत तसा शेराही लिहून दिला. गाडी पायडलची. पुढे दोन चाकं, मागे एक, वजन 41 किलो. त्या चौघींपैकी एक आमच्या शेजारची. संध्याकाळी वही घेऊन आली आणि "काका, खरंच का हो?" एवढंच म्हणाली.

मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो. मोरिवलीच्या एमआयडीसीत होइस्ट आणि क्रेनच्या देखभालीत माझी 34 वर्षं गेली. वायर रोप हाच माझा धंदा होता. दोन टन माल तारेला लटकलेला आणि खाली माणसं काम करताहेत, हे मी रोज पाहिलं आहे. तारेचं भय मला परीक्षकांपेक्षा जास्त आहे, कमी नाही. म्हणूनच त्यांचा शेरा मला मान्य नाही. गाडीत चुका होत्या आणि त्या गंभीर होत्या. पण त्यांनी दाखवलेली चूक त्यात नव्हती आणि ज्या होत्या त्यातली एकही त्यांनी दाखवली नाही. मुलींना कळलं ते एवढंच, की तार हलकी आणि दांडा भारदस्त.

आधी त्या 'जुगाड' शब्दाचं बघू. 2021च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून बनवलेली छोटी जीप देशभर गाजली. किक मारून सुरू होणारी ती गाडी आनंद महिंद्रांनी बोलेरोच्या बदल्यात घेतली. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी जुगाडाचं कौतुक होतं. तोच शब्द या मुलींच्या वहीत शिवी होऊन आला. कौतुक करणारा आणि नाक मुरडणारा, दोघंही गाडीखाली वाकून बघत नाहीत. कुठला बोल्ट कशानं अडवला आहे, वेल्ड आत उतरलं आहे का, तार कुठे वाकते, हे विचारायची तसदी हा एक शब्द वाचवतो. हाताखाली माणसं शिकवताना मी हा शब्द कधी वापरू दिला नाही. काम बरोबर आहे की चूक, आणि चूक असेल तर कुठे, एवढंच बोलायचं.

तर गाडीखाली मी वाकलो. चाळीच्या अंगणात ती पालथी घातली आणि बॅटरी घेऊन बसलो. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला लाकडी रीळ, त्याला वेढे दिलेली सायकलच्या ब्रेकची दीड मिलिमीटरची उघडी तार, दोन्ही बाजूंना एकेक कप्पी, तिथून तार पुढच्या चाकांच्या मधल्या आडव्या पट्टीकडे. दोन चाकांमध्ये मात्र सरळ लोखंडी टाय रॉड घातला होता, आणि ते अगदी बरोबर होतं. डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळी तार बांधायची चूक पुष्कळ जण करतात आणि मग एक चाक रस्त्याकडे आणि दुसरं गटाराकडे बघतं. मुलींनी ते टाळलं होतं. पण कप्प्या होत्या कपडे वाळत घालायच्या, छताला टांगतात त्या प्लॅस्टिकच्या, जेमतेम 25 मिलिमीटर व्यासाच्या. आणि तारेचं टोक ब्रेकच्या भोक पाडलेल्या बोल्टात चिमटून आवळलं होतं. मी खिशातला सुती रुमाल तारेवरून हळू ओढत नेला. त्या बोल्टाच्या अलीकडे बोटभर अंतरावर रुमालाचं सूत अडकलं. भिंगातून पाहिलं तर दोन बारीक तारा तुटून काट्यासारख्या उभ्या राहिलेल्या.

ही गाडी प्रदर्शनाच्या दिवशी अर्धा तास चालली होती.

आता परीक्षकांच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. तार तुटते. तुटते तर. दांडाही तुटतो. टाय रॉडचं वेल्ड सुटतं, रॉड एंडची गोळी घरातून बाहेर येते, नायलॉक नटाऐवजी साधा नट लावला की थरथरीनं तो फिरत फिरत पडतो. फरक आहे तो तुटण्याच्या तऱ्हेत. कंट्रोल केबलला जी 7 गुणिले 19 म्हणतात, तिच्यात सात पेड असतात आणि दर पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 133. त्या सगळ्या एका क्षणी तुटत नाहीत. आधी एक, मग चार, मग दहा, आणि दर वेळी बाहेर काटा उभा राहतो. रुमाल फिरवला की कळतं. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकातही तारेवरून कापड फिरवून बघायला सांगितलं आहे, तो काही माझा शोध नाही. उलट, कच्च्या वेल्डची आतली चीर रंगाखाली दडून असते आणि रुमालाला सापडत नाही. होइस्टचं हूक तुटण्याआधी काही बोललं, असं मी पाहिलेलं नाही. तार बोलते. ऐकणारा असला पाहिजे, ही मात्र अट आहे.

दुसरी गोष्ट मला माझ्या वडिलांनी शिकवली. ते दौंड-मनमाड मार्गावर लिव्हरमन होते. सातवी पास. केबिनमधला लिव्हर दोन्ही हातांनी मागे ओढायचा, की अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरच्या सिग्नलचा हात खाली पडायचा. मधे काय? रुळांच्या कडेनं खुंट्यांवरच्या कप्प्यांवरून गेलेली एक तार. पाचशे मीटर तार वीस अंशांनी तापली की साधारण 12 सेंटिमीटर वाढते, म्हणून दुपारी आणि पहाटे तिचा ताण जुळवून घ्यावा लागे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "तार तुटली तर?" ते म्हणाले, "तुटू दे. गाडी थांबेल." सिग्नलच्या खांबावर वजन टांगलेलं असायचं. तार ओढलेली असेल तोवरच हात खाली. तार तुटली की त्या वजनानं हात आपोआप आडवा, म्हणजे धोका, म्हणजे ड्रायव्हर थांबणार. हजारो माणसांचा जीव त्या तारेवर होता. ती अतूट होती म्हणून नाही, तर तुटल्यावर काय व्हायचं हे कुणीतरी आधी ठरवून ठेवलं होतं म्हणून.

स्टिअरिंगची अडचण इथेच आहे आणि परीक्षकांनी ती मांडली असती तर मी त्यांना हात जोडले असते. सिग्नलला 'थांबा' ही एक सुरक्षित बाजू असते. स्टिअरिंगला तशी बाजू नाही. तार तुटली तर चाकांनी डावीकडे जावं की उजवीकडे, याचं बरोबर उत्तर नसतं. म्हणून तिथे वजन टांगून भागत नाही, तिथे दोन वेगळ्या तारा लागतात. एकाच तारेचे दोन वेढे दिले म्हणजे झालं, असं नव्हे. दोन तारा, दोघींच्या खाचा वेगळ्या, टोकं वेगळी, बोल्ट वेगळे. एक गेली तरी दुसरीवर गाडी वळली पाहिजे. लिफ्ट एका दोरावर टांगत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे. आणि पहिली गेली हे कळलंही पाहिजे, नाहीतर दोनांची एक झालेली असते आणि माणूस दोन आहेत या भरवशावर गाडी हाकत असतो. मुलींच्या गाडीत एकच तार होती. ही खरी चूक. वहीत ती नाही.

आता ताकदीचा हिशेब. स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या 150 मिलिमीटर आणि रिळाची 25. हाताचा जोर तारेपर्यंत सहापट होऊन जातो. चालवणारा साधारण 15 किलोचा जोर लावेल तर तारेत 90 किलोचा ताण. घाबरलेला माणूस दोन्ही हातांनी 40 किलोही लावेल, म्हणजे 240. एक सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकी जाड, सव्वातीन मिलिमीटरची 7 गुणिले 19ची गॅल्व्हनाइज्ड तार साधारण 900 किलोला तुटते. टोकाला यू-क्लिप नीट लावली तर जोडाची ताकद तारेच्या 80 टक्के धरतात, म्हणजे 720. घाबरलेल्या माणसाच्याही तिप्पट. ब्रेकच्या दीड मिलिमीटर तारेची ताकद याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी, आणि तीही बोल्टानं चिमटल्यावर उरत नाही. आणीबाणीच्या वेळीच ती गेली असती. पण म्हणून 'तार' वाईट? मग उद्या कुणी तीन सूत सळईचा टाय रॉड करून तो वाकवला, तर दांडे वाईट म्हणायचे?

कप्पीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. तार ओढल्यानं थोडी मरते, वाकण्यानं जास्त मरते. अशा लवचीक तारेला तिच्या जाडीच्या निदान 25 ते 30 पट व्यासाची कप्पी द्यावी, असा आमच्याकडचा शिरस्ता. लिफ्टच्या दोराला तर 40 पट देतात. सव्वातीन मिलिमीटरच्या तारेला 80 ते 100 मिलिमीटरची कप्पी हवी. कपड्यांच्या दोरीची कप्पी ही वजन उचलायला पुरते, तार जगवायला नाही. सुती दोरी आणि पोलादी तार यांत हाच फरक आहे, आणि कारखान्यातसुद्धा तो शिकायला लोकांना एखादा अपघात लागतो.

दुसरा आक्षेप: तार ढिली पडते, स्टिअरिंग लूज होतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नवी तार पहिल्यांदा ताणली की तिचे पेड एकमेकांत बसतात आणि ती कायमची थोडी लांब होते. म्हणून तार लावण्याआधी ताणून घेतात. विमानाची केबल तयार झाली की तुटण्याच्या ताकदीच्या 60 टक्के ताण निदान तीन मिनिटं देऊन तपासतात, तेव्हाच पेड बसून जातात. मग राहतो टर्नबकल, म्हणजे तार ताणायची आट्यांची नळी. तो आवळून तार आधीच ताणात ठेवली की तिच्यात खेळ नावालाही उरत नाही. हे लक्षात घ्या, दांड्याच्या स्टिअरिंगमध्ये प्रत्येक सांध्याला थोडा खेळ असतो आणि झिजेनं तो वाढतच जातो. ताणलेल्या तारेच्या फेऱ्यात तो शून्यापासून सुरू होतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा, 1989च्या, नियम 98 बघा. त्याच्या पहिल्याच भागात म्हटलं आहे की स्टिअरिंगच्या चाकावर 30 अंशांहून जास्त ढिलाई नसावी, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडाचे बोल्ट-पिना पक्क्या अडवलेल्या असाव्यात. ढिलाई आणि जोड. माझंही म्हणणं तेवढंच आहे.

मुलींच्या गाडीत ढिलाई होती हे खरं, आणि ती कुठून आली हे शोधायला आम्हाला दोन रात्री लागल्या. हा भाग मी सविस्तर सांगतो, कारण घरी गाडी करणारे बहुतेक जण इथेच अडतात. तार ज्या पट्टीला बांधली होती ती सरळ. चाकं वळली की पट्टीचं टोक वर्तुळात फिरतं, सरळ रेषेत जात नाही. पट्टी 80 मिलिमीटरची, दोन्ही कप्प्या तिच्या टोकापासून 60 मिलिमीटरवर. चाकं 30 अंश वळवली तर दोन्ही बाजूंच्या तारांची मिळून लांबी सव्वातीन मिलिमीटरनं जास्त लागते. म्हणजे काय झालं? पूर्ण वळणावर तार करकचून आवळली जायची, म्हणून मुलींनी टर्नबकल सैल केला. मग सरळ जाताना तीच तार लोंबायची. सव्वातीन मिलिमीटर सैल तार म्हणजे 25 मिलिमीटरच्या रिळावर साडेसात अंशांचा खेळ, तोही सरळ रस्त्यावर, जिथे तो सर्वांत जास्त नडतो. त्या बिचाऱ्या एका टोकाला आवळत होत्या आणि दुसऱ्या टोकाला सोडत होत्या. परीक्षकांनी स्टिअरिंग हलवून पाहिलं, खेळ जाणवला, आणि निदान केलं: तार आहे ना, असंच होणार.

यावरचा उपाय शंभर वर्षं जुना आहे. सरळ पट्टीच्या जागी वर्तुळाची फाक घाला, कडेला खाच पाडलेली. तार त्या कडेवरून गेली की फाक कितीही फिरो, एका बाजूनं जेवढी तार सुटते तेवढीच दुसऱ्या बाजूनं घेतली जाते. लांबी बदलतच नाही. कप्प्या लांब नेल्या तरी फरक कमी होतो. 150 मिलिमीटरवर नेल्या तर सव्वातीनाचे 0.8 मिलिमीटर उरतात. पण फाक उत्तम. हे भूमितीचं काम आहे आणि दहावीचा मुलगा कागदावर काढून दाखवू शकतो. शिक्षकानं फळ्यावर काढून दाखवावं असं याहून सुंदर उदाहरण मला सुचत नाही.

आवरणातल्या केबलबद्दल मात्र मी परीक्षकांच्या बाजूचा आहे. स्कूटरच्या क्लचसारखी, आवरणातून वळसे घेत जाणारी केबल स्टिअरिंगला लावू नये. आवरण दाबलं जातं, आणि घर्षण वळशांच्या बेरजेप्रमाणे झपाट्यानं वाढतं. घर्षणांक 0.15 धरला तर एकूण 90 अंशांच्या वळणाला इकडून 127 द्या तेव्हा तिकडे 100 पोचतात. 180 अंशांना 160 द्यावे लागतात. पूर्ण 360 अंश वळसा झाला तर 257. हातात जड, आणि चाकाकडून परत येणारी खबरही आवरणातच जिरते. चालवणाऱ्याला रस्ता कळेनासा होतो. उघडी तार, मोठ्या कप्प्या, कमीत कमी वळणं. याला माझ्याकडे सूट नाही.

तिसरा आक्षेप त्यांनी तोंडी केला होता, लिहिला नाही: जगात कुणी असं करत नाही. हे मात्र ऐकवत नाही. अहो, फिरवायचं चाक दिशा द्यायला जगात आलं तेच दोराबरोबर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शिडाच्या जहाजांवर सुकाणूच्या दांड्याला दोर बांधून तो चाकाच्या रिळावर गुंडाळला. त्याआधी दांडा हातानं ढकलावा लागे. फ्रान्समध्ये 1910 साली बेदेलिया नावाची हलकी मोटार निघाली, दोन माणसं पुढे-मागे बसायची, चालवणारा मागे, आणि पुढचा आख मधल्या खिळीवर फिरवायला तार. अशा गाड्यांची तेव्हा युरोपात लाटच होती. आणि आज? बारामतीत, धुळ्यात आपली मुलंमुली ज्या सेसना विमानांवर उडायला शिकतात, त्या जातीच्या विमानांची पंखांवरची आणि शेपटीची पृष्ठं पोलादी तारांनीच हलतात. सेसना 172 हे विमान 1956पासून बनतं आहे आणि 44 हजारांहून अधिक बनली. त्यात बसलेल्या मुलीचा जीव तारेवर असतो. मोठ्या कप्प्या असतात, ताण यंत्रानं मोजतात, टर्नबकलला लॉकिंग वायर घालतात, नळीबाहेर तीनहून जास्त आटे दिसू देत नाहीत, आणि ठरल्या तासांनी कुणीतरी कापड घेऊन येतं.

मोटारींनी तार का सोडली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाड्या जड झाल्या, वेग वाढला, पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि ब्रेक आले. चाक वरखाली व्हायला लागलं की तारेची लांबी बदलते आणि गाडी आपोआप वळू लागते. शिवाय लाखो गाड्या लाखो लोकांना विकायच्या तर मालक रविवारी रुमाल फिरवेल या भरवशावर राहता येत नाही. दोन्ही कारणं पटणारी आहेत. पण 41 किलोच्या, स्प्रिंग नसलेल्या, ताशी 20 किलोमीटरच्या पायडलगाडीला त्यातलं कुठलं लागू होतं?

"रॅक-पिनियन बसवा" असा सल्ला त्यांनी दिला. भंगारात मिळतो तो मोटारीचा रॅक, मोटारीच्या वजनाला बेतलेला. त्यामुळे गाडीचा पुढचा भाग जड होतो आणि मुली जे वजन ग्रॅमग्रॅमनं कमी करत होत्या ते एका दुपारीत परत येतं. गो-कार्टसाठी म्हणून बाजारात मिळणारे हलके रॅक मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींचे दात इतके सैल, की नवा रॅक हातात घेऊनच खडखडतो. चांगला रॅक मिळाला तर जरूर बसवा, मी काही तारेचा भक्त नाही. पण विकत आणलेली वस्तू आपोआप सुरक्षित आणि हातानं केलेली आपोआप धोक्याची, हा हिशेब चुकीचा आहे. विकत आणलेल्या वस्तूच्या आत मुली बघत नाहीत. केलेल्या वस्तूचा प्रत्येक बोल्ट त्यांना पाठ असतो.

कुणी माझ्या लिहिण्याचा भलता अर्थ लावू नये म्हणून एक स्पष्ट करतो. इंजिन लावून, अशी गाडी कल्याण-बदलापूर रस्त्यावर डंपर आणि रिक्षांच्या मधे घालायला माझा विरोध आहे. कायद्याचाही आहे. 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुगाड म्हणून चालवली जाणारी गाडी हीसुद्धा मोटार वाहनच, तिला कायदा लागू. मोटार रस्त्यावर आणायची तर नियम 126प्रमाणे नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते, आपल्याकडे पुण्याची एआरएआय ती करते. ते योग्यच आहे. माझं बोलणं आहे ते वर्कशॉपच्या आवारात, कॉलेजच्या मैदानात, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर चालणाऱ्या हलक्या गाडीबद्दल, आणि ती बनवताना जे शिकायचं त्याबद्दल.

आणि शिकवण्याची एक चांगली रीत उपलब्ध आहे. फॉर्म्युला एसएई ही विद्यार्थ्यांनी गाड्या बनवायची स्पर्धा अमेरिकेत 1981पासून चालते. तिच्या गेल्या दशकातल्या नियमपुस्तकात स्टिअरिंगच्या चाकावर एकूण सात अंशांहून जास्त खेळ चालत नसे, आपल्या 30च्या पाव हिश्शाहून कमी. एवढं कडक. त्याच पुस्तकात तारेच्या स्टिअरिंगला बंदी नव्हती. अट होती: तुमची रचना कुठे कुठे बिघडू शकते, बिघडली तर काय होईल आणि त्यावर तुम्ही काय योजलं आहे, हे लिहून द्या. माझ्या वडिलांनी एका वाक्यात दिलेलं उत्तर तिथे अहवाल म्हणून मागत होते. आमच्या परीक्षकांनी मुलींना हा एक प्रश्न विचारला असता, "तार तुटली तर काय होईल?", तर मुली गडबडल्या असत्या, त्यांचे गुण गेले असते, आणि ते जाणं रास्त झालं असतं. रात्री घरी जाऊन त्या विचार करत बसल्या असत्या. शेऱ्यानं विचार करायला काही ठेवलंच नाही.

मे महिन्यात आम्ही ती गाडी पुन्हा उभी केली. आमचं गाव यंत्रांचं आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी, तिच्याशेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आणि मोरिवलीच्या गल्ल्यांत लेथवर आयुष्य काढलेली माणसं. त्यातल्या एकानं दोन खाचांचं ॲल्युमिनियमचं रीळ फिरवून दिलं, मजुरी घेतली नाही. सहा मिलिमीटरच्या प्लेटची फाक मुलींनी स्वतः हॅकसॉनं कापली आणि कानशीनं घासली. 80 मिलिमीटरच्या बेअरिंगवाल्या कप्प्या, प्रत्येकीवर तार उडू नये म्हणून आडवी पिन. एक सुती तारेचे दोन वेगळे फेरे. टोकांना थिंबल. यू-क्लिप लावताना चौघींतल्या मोठीनं पहिली क्लिप उलटी घातली, सगळेच घालतात. यूचा वाक तारेला चावतो, म्हणून तो मोकळ्या, उरलेल्या टोकावर यायला हवा. ओझं वाहणाऱ्या तारेवर बैठकीची सपाट बाजू. मी तिला दोन्ही तऱ्हांनी आवळून, सोडून, तारेवर पडलेले वण दाखवले. पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग एका फेऱ्याचा टर्नबकल पूर्ण सोडून तार लोंबती ठेवली आणि शेजारच्या पोरीला म्हटलं, आता चालव. तिनं अंगणात आठाच्या आकारात तीन फेऱ्या मारल्या. नंतर दुसरा सोडला, पहिला जोडला, पुन्हा तीन.

वहीत परीक्षकांच्या शेऱ्याच्या पुढच्या पानावर मुलींनी रकाने आखले आहेत: तारीख, कापड, ताण, आटे, सही. दर रविवारी एक ओळ. सहाव्या रविवारच्या ओळीत 'कापड'खाली लिहिलं आहे, "उजवी पुढची कप्पी, एक तार." कप्पीच्या काठावर लेथची बर राहून गेली होती. कानशीनं ती काढली, त्या फेऱ्याची तार बदलली, आणि त्या दिवशीच्या ओळीवर चौघींनीही सह्या केल्या.